लेकीसाठी लावलेली खोली

कुठलंही दार वाजवायच्या आधी ताई खांद्यावरचा पदर सारखा करायची. पदर नसायचाच, अंगात जाडजूड जॅकेट असायचं. तरी हात खांद्याकडे जायचा, मग बेल वाजायची.

नव्या घरात राहायला गेली त्या आठवड्यात ती इमारतीतल्या प्रत्येक दारापुढे अशीच उभी राहिली. जर्मनीतलं छोटंसं गाव, तीन मजली इमारत, आणि ताई मोडक्या जर्मनमध्ये सांगत होती, "रविवारी सगळ्यांनी जेवायला या. घरी काही करू नका." आपल्याकडे याला चूलबंद आवतन म्हणतात. सगळ्या घराला बोलावणं, त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही. समोरची माणसं हसून आभार मानायची आणि दार लावून घ्यायची.

"सगळे येतेत म्हणले," ताई खूश होती.

आम्ही दोघी एकाच वृद्धाश्रमात नर्स. ती लोणार तालुक्यातल्या बीबीची, मी जळगाव जामोदची. पहिल्या दिवशी मी फोनवर आईला "मले काहीच समजून नाही राह्यलं" म्हणत होते, तेव्हा तिने मान वर केली होती. "घाटाखालची हायेस का गं?" आमच्या बुलडाणा जिल्ह्यात घाटावरच्यांना घाटाखालच्यांच्या बोलीचं हसू येतं, आणि घाटाखालच्यांना घाटावरच्यांच्या. तेव्हापासून माझं नाव पडलं, घाटाखालची.

त्या रविवारी तिने वांग्याची भाजी केली आणि रोडगे केले. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे ते कणकेचे गोळे तिने ओव्हनमध्ये भाजले. आला एकटा तळमजल्यावरचा म्हातारा. हातात फुलांची कुंडी.

ताई स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाशी कुजबुजली, "जेवून आला हाय! चूलबंद आवतनाला माणूस जेवून येतो का?"

"ताई, इथं सहालाच जेवतात."

"मग हो कामून म्हणले?"

म्हाताऱ्याने पहिला रोडगा सभ्यतेखातर खाल्ला, दुसरा मात्र मागून घेतला. उरलेलं सगळं ताईने डब्यांत भरून दारोदार नेऊन दिलं. डबे परत आले ते लखलखीत घासलेले, आणि रिकामे. शेजारणीचा डबा आपण रिकामा परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतोच. तिने एकेक झाकण उघडून आत पाहिलं. मग म्हणाली, "शिकतील. एका दमात कोणी शिकतं का?"

एवढा आटापिटा तिने लेकीसाठी मांडला होता. नवरा वारल्यावर लेकीला बीबीला सासूजवळ ठेवून ती इकडे आली. लेकीला आणायचं तर घर पुरेसं मोठं हवं, असा इथला नियम. नर्सांच्या वसतिगृहातली खोली चालत नव्हती, म्हणून हे घर. लेकराने आईजवळ झोपायचं की नाही, ते भिंतींचं माप ठरवणार! माझं डोकं फिरलं. माझे बाबा बाजाराच्या दिवशी चळवळीची पत्रकं वाटायचे, मी ती वाचतच मोठी झाले. मी तावातावाने एक पत्रक लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "आता जेव."

पण व्हिसाच्या कचेरीत ती माझ्यासोबत यायची. मी भांडायची, ती शेजारी बसून समोरच्या बाईकडे पाहून हसायची. परवानगी मिळाली ती माझ्या भांडणामुळे की तिच्या हसण्यामुळे, ते तुम्हीच ठरवा.

लेकीची खोली तिने आधीच लावून ठेवली होती. पलंग, अभ्यासाचं टेबल, पिवळा पडदा. रोज व्हिडिओ कॉलवर फोन फिरवून ती लेकीला खोली दाखवायची. "हे बघ, इथं तुझी पुस्तकं. इथून झाड दिसतं." लेक नुसतं "हं" म्हणायची. आणि मधेच, "थांब आई, आजीला उठवायचंय."

सासूचं कंबरेचं हाड मोडलं होतं. इथल्या म्हाताऱ्यांना ताई उचलून बसवायची, तिकडे तिच्या सासूला नववीतली पोर उचलून बसवायची. या व्यवस्थेत कोणाचं म्हातारपण कोणाच्या लेकरावर पडतं, ते मला कुठल्या पत्रकाने इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं.

परवानगी मिळाल्याचं ताईने सांगितलं, तेव्हा लेकीने आधी मागे वळून आजीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी आले तर आजीला कोण उठवंल?"

सासूलाही आणता येईल का, ते विचारायला आम्ही पुन्हा कचेरीत गेलो. सासू त्यांच्या हिशोबात कुटुंबात बसत नव्हती. बाहेर येऊन मी म्हटलं, "आपण लढू, ताई. मी दुसरं पत्रक लिहिते."

"लिही. पण तवर म्हातारी आडवीच राहील ना."

थोडं चालल्यावर ती म्हणाली, "आई तू ये, असं बी नाही म्हणली पोरगी. मला वाईट वाटंल म्हणून."

तिने परत जायचं ठरवलं तेव्हा मी चिडले. "एवढं भांडून हक्क मिळवला, अन् तू सोडून चालली? काऊन?"

"हक्क लेकीचा होता बाई. ती नाही म्हणली."

जायच्या आदल्या दिवशी ती प्रत्येक दारापुढे जाऊन निरोप घेऊन आली. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्याने तिचा हात हातात धरून ठेवला होता.

ते घर आता माझ्याकडे आहे. रिकामी खोली अडवून ठेवणं माझ्या तत्त्वात बसत नाही. तरी त्या खोलीत मी अजून कोणाला ठेवलेलं नाही.

गेल्या रविवारी मी बीबीला फोन लावला, तो लेकीने उचलला.

"मावशी, ती खोली दाखवा ना एकदा. मी नीट पाहिलीच नव्हती."

मी फोन घेऊन आत गेले. पलंग दाखवला, टेबल दाखवलं. तिने पडदा बाजूला करायला सांगितला. बाहेर बर्फ पडत होता. ती पाहत राहिली.

तिच्या मागे ताई सासूला भरवत बसली होती. तिची पाठ फोनकडे होती. म्हातारीने तोंड उघडलं होतं, आणि घास घेतलेला ताईचा हात वाटेतच थांबला होता.