अडुसष्ट किलो गूळ

डोंगरातल्या महादेवाला एकशे बारा पायऱ्या आहेत. जीप पायथ्याशीच थांबते. पुढे जे न्यायचं ते आपापल्या डोक्यावर. बद्रीनाथने त्या सकाळी चार खेपा केल्या आणि दैवशालाने तीन. दहा-दहा किलोच्या सहा गुळाच्या भेल्या आणि वर आठ किलोचा एक तुकडा. नवराबायको पायऱ्यांवर समोरासमोर येत, एक चढताना, एक उतरताना, आणि बाजूला होत.

दैवशाला भोकरदनजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका. बावीस वर्षं तिने गावातली पोरं वजनकाट्याच्या झोळीत टांगली. कोणाचं पोर पाव किलोने घटलं हे आईच्या आधी तिला कळायचं. तिचा अंगद मात्र दोन वर्षांचा असताना पार काडी झाला होता. औषध लागेना, दूध पचेना. तेव्हा ती एकटीच या डोंगरावर येऊन बोलून गेली होती, "लेकरू वाचू दे, त्याच्या भारंभार गूळ वाहीन."

लेकरू वाचलं. पण सहा किलोचं पोर तराजूत घालायचं म्हणजे चार लोकांत शोभा! थोडा भरू दे, मग नेऊ. अंगद भरला, तसा हिचा हव्यासही भरला. पुढच्या वर्षी अजून भरेल. बाईने देवालाही अंगणवाडीतल्या पोरांच्या आयांसारखं पुढची तारीख देऊन ठेवली. मग पोराला मिसरूड फुटलं आणि तोच म्हणाला, "आई, मी काय कांद्याचा कट्टा हाय का तोलायला?" तेव्हा ती पोट धरून हसली होती. मागच्या भादव्यात डेंगूचा ताप आला आणि चौथ्या दिवशी अंगद गेला. चोवीस वर्षांचा होता.

दारावर बसायला आलेल्या बाया उठता उठता बोलल्याच, "नवस राह्यल्ता ना, मंग देव कसा सोडल?" बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. दैवशालाने धरलंही नाही. ती रडलीही नाही. तेराव्यानंतर कामावर गेली, खिचडी वाटली, पोरं तोलली, आकडे बरोबर लिहिले. आत काही हलतच नव्हतं. फक्त एक गोष्ट डोक्यात अडकली होती: आपण उशीर केला म्हणून पोरगं गेलं का? पोलीस भरतीच्या कागदावर अंगदचं शेवटचं वजन सापडलं, तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "गूळ घ्या. अडुसष्ट किलो."

मंदिर जुनं, काळ्या दगडाचं. सभामंडपात लाकडी तराजू टांगलेला. पुंजाराम गुरव सत्तरीचा. त्याने एका पारड्यात गूळ रचला आणि हात झटकले.

"बसवा मंग. कुठंय पोरगं?"

"न्हाई," बद्रीनाथ म्हणाला.

"मागून यिऊन राह्यलं का?"

"गेलं."

गुरवाने गुळाकडे बघितलं. "मंग देवापुढं ठिवा अन् चला. फिटला म्हना."

"मी गुळाची तुला बोलल्ते," दैवशाला म्हणाली. "तोलल्याबिगर कसा फिटंल?"

"तोलायला मानूस लागतं, बाई."

"मी बसते."

ती चपला काढून रिकाम्या पारड्यात मांडी घालून बसली. पारडं तसूभरही खाली आलं नाही. गूळ जमिनीला टेकलेला आणि ही वर टांगलेली, अंगणवाडीतल्या पोरांसारखी. पारडी समान झाल्याशिवाय तुला होत नाही. गुरवाने वाकून वरची भेली उचलायला हात घातला.

"हात लावू नका!" ती ओरडली. आठ महिन्यांत तिचा आवाज एवढा चढला नव्हता. "एक तुकडाबी काढायचा न्हाई. तेवढा व्हता त्यो."

गुरव थांबला. मग बद्रीनाथ पुढे आला, बायकोच्या दोन्ही बाजूंना पारड्याच्या काठावर हात ठेवले आणि अंगाचा भार टाकला. पारडं हळूहळू खाली आलं, गूळ जमिनीवरून उचलला गेला, दांडी आडवी झाली. गुरवाने हळद-कुंकू वाहिलं, पाणी सोडलं.

"झाली तुला. फिटला नवस."

तिला वाटलं होतं, हलकं वाटेल. काहीच वाटलं नाही. ती तशीच बसून राहिली.

"बाबा," तिने विचारलं, "खरं सांगा. येळेवर फेडला असता तर राह्यला असता का माझा अंगद?"

गुरवाने हातातला तांब्या खाली ठेवला.

"माझ्या भिवाची तुला त्याच्या पैल्याच वाढदिवसाला केल्ती," तो म्हणाला. "ह्याच तराजूत. बराबर तोलून, एक दिवसाचा उशीर न्हाई. अकराव्या वर्षी त्योबी गेला, बाई."

दैवशाला त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग ती त्या पारड्यात बसूनच मोठ्याने रडायला लागली. बद्रीनाथने हात काढले नाहीत.