तोंड मिटून आणलेला पाला

डोंबिवली पूर्वेला माझं मेडिकलचं दुकान आहे. अंगदुखीच्या ट्यूबा, स्प्रे, पट्ट्या, शेकायच्या पिशव्या, सगळं माझ्याकडे मिळतं. तरीही पाय मुरगळलेला माणूस लंगडत माझ्या काउंटरपाशी येतो आणि विचारतो, "आई आहेत का घरी?" आम्ही दुकानाच्या वरच्याच मजल्यावर राहतो. मी बोट वर करतो. मग तो माझ्या सगळ्या ट्यूबांकडे पाठ फिरवून, त्याच मुरगळलेल्या पायाने जिना चढतो. इतकी वर्षं झाली, मला अजून त्याचा थोडा राग येतो.

आई जे तेल लावते ते तिने स्वतः कढवलेलं असतं आणि त्यात रानातला एक पाला असतो. तिचं माहेर मलंगगडाच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. तिथून लग्न होऊन ती मोहने गावातल्या चाळीत आली, कारण माझे वडील तिथल्या कारखान्यात होते. चाळीत कुणाला उसण भरली, कुणाचं मूल पायऱ्यांवरून पडलं की आईला हाक यायची. बाटली घेऊन ती निघायची आणि मी तिच्या मागे. त्या पाल्याचं नाव मात्र तिने कधी उच्चारलं नाही. घरात त्याला नुसतं 'पाला' म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, जगात पाला म्हणतात तो हाच, बाकीची नुसती पानं.

नाव सांगायचं नाही, हा तिच्या आईकडून आलेला नियम. पैसे घ्यायचे नाहीत, हा दुसरा. आणि तिसरा सगळ्यात अवघड: पाला तोडल्यापासून घरी आणून पाण्यात टाकेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बोललं की गुण गेला. पूर्वी आदल्या संध्याकाळी झाडाच्या मुळाशी तांदूळ आणि हळद ठेवून त्याला आमंत्रणही द्यायचे. घरात बुद्धवंदना आली तशी तांदूळ आणि हळद गेली, पण न बोलणं राहिलं.

मी एकदा तिला डिवचलं, "आई, ही पण अंधश्रद्धाच की."

"गप्प बसणं कधीपासून अंधश्रद्धा झाली रे? विहारात काय गप्पा मारायला जातोस?"

खरं सांगायचं तर मी विहारातही गप्पाच मारतो. मला बोलल्याशिवाय राहवत नाही. गिऱ्हाईक खोकल्याचं औषध घ्यायला आलं तरी मी त्याच्या मुलीच्या ॲडमिशनपर्यंत पोचतो. दुकान चालतं ते त्यामुळेच, असं बायको म्हणते. दुकानाला उशीर होतो तोही त्यामुळेच, हेही तीच म्हणते.

आईने तो पाला मला दाखवावा असं मला फार वाटायचं. पण विषय काढला की उत्तर ठरलेलं. "तू दुकानदार. औषध विकणाऱ्याच्या हाताला त्याचा गुण येत नाही." हे ती सहज, भाजी निवडता निवडता म्हणायची, आणि मला ते लागायचं. फार्मसीचा डिप्लोमा केला, एवढं दुकान उभं केलं, आणि आईच्या लेखी माझ्या हाताला गुण नाही. दुसऱ्या कुणाला ती शिकवतही नव्हती. तिच्याबरोबरच हे सगळं जाणार, याची मला मनापासून भीती वाटायची.

मग गेल्या हिवाळ्यात तिचा स्वतःचा गुडघा धरला. एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, झीज आहे, वयाप्रमाणे चालायचंच. गोळ्या दिल्या, त्या मी वेळच्या वेळी द्यायचो. दुकानातली सगळ्यात चांगली ट्यूबही वर आणली. तिने ती लावून घेतली आणि म्हणाली, "थंड लागतंय." एवढंच. पुढे तिला जिना उतरणं जमेना. पौर्णिमेला विहारात जायचं राहिलं तेव्हा ती दिवसभर खिडकीत बसून होती.

"अगं, तुझं तेल लाव ना," मी म्हटलं.

"आपला हात आपल्याला लागू पडत नाही. दुसऱ्याने आणायचं, दुसऱ्याने कढवायचं, दुसऱ्याने लावायचं."

"मग मी आणतो."

ती नेहमीचं उत्तर देणार म्हणून मी वाट बघत राहिलो. ती गुडघ्यावर हात फिरवत म्हणाली, "आईला काय विकणार आहेस तू? चल, दाखवते."

त्या रविवारी दुकान बंद ठेवून आम्ही रिक्षाने तिच्या माहेरच्या वाटेला लागलो. रान पूर्वीसारखं राहिलेलं नाही, फार्महाऊसच्या भिंती आल्यात. पण ओढ्याकाठी झाडोरा अजून दाट आहे. आई ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसली आणि तिने काठी एका झुडपाकडे केली. मी पान चुरगळलं. त्या वासाबरोबर मोहन्याची चाळ, वडिलांचे आखडलेले खांदे, कढईतली तडतड, सगळं एकदम नाकात शिरलं. डोळ्यांत पाणी आलं. मला काहीतरी बोलायचं होतं, पण आईने ओठांवर बोट ठेवलं.

पाला तोडून पिशवीत भरला आणि आम्ही निघालो. वाटेत रिक्षा सिग्नलला थांबली. शेजारी स्कूटरवर माझं एक नेहमीचं गिऱ्हाईक. "काय शेठ, आज दुकान बंद? माझ्या बीपीच्या गोळ्या?"

"संध्याकाळी उघडतो ना!" मी म्हणून गेलो.

आईने कपाळाला हात लावला. घरी पोचल्यावर तिने पिशवीतला पाला निमूटपणे कढीपत्त्याच्या कुंडीत ओतला. "खत होईल," ती म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं. गुडघा दाबत ती पलंगावर आडवी झाली, आणि त्या गुडघ्याला मी दिवसभर नाहक प्रवास घडवला होता.

पुढच्या रविवारी मी एकटाच गेलो. तिला रिक्षाचे धक्के सोसण्यासारखे नव्हते. झुडूप ओळखलं, लागेल तेवढाच पाला घेतला आणि तोंड मिटलं. फोन खिशात सारखा थरथरत होता. रिक्षा मिळेना, म्हणून टमटममध्ये बसलो. ड्रायव्हरने कुठे उतरायचं विचारलं, मी हातवारे केले. समोरच्या बाई हळहळल्या, "मुके आहेत बिचारे," आणि सरकून त्यांनी मला खिडकीशी जागा दिली. मला मुका म्हणणारं माणूस आयुष्यात पहिल्यांदा भेटलं होतं आणि मला त्यांना ते सांगताही येत नव्हतं.

खरी परीक्षा घराखाली होती. तेच स्कूटरवाले गृहस्थ दुकानाच्या बंद शटरपाशी उभे. "शेठ, आजही बंद?" मी हात जोडले. "अहो, बोला की! काय झालं?" मी तोंडाकडे बोट केलं. त्यांनी निरखून पाहिलं. "तोंड आलंय का?" मी जोरजोरात मान डोलावली. "मग बी-कॉम्प्लेक्स घ्या, पाणी जास्त प्या, तिखट बंद," ते म्हणाले. हा माझाच सल्ला होता, शब्दन् शब्द. मी पुन्हा हात जोडून जिना गाठला.

दार आईनेच उघडलं. भिंतीला धरून उभी होती. "मिळाला का रे?" तिने विचारलं. मी तिच्या बाजूने स्वयंपाकघरात गेलो, पाला पातेल्यातल्या पाण्यात सोडला आणि मगच म्हणालो, "तू पण ना, आई! घरातच पाडणार होतीस मला." ती दाराशी उभी राहून हसत होती. किती दिवसांनी तिला तसं हसताना पाहिलं.

मग स्टुलावर बसून तिने मला कढवायला लावलं. खोबरेल मंद आचेवर, पाला पुसून कोरडा करून त्यात. "घाई करू नको. तडतड थांबली की उतरव. वास करपट आला तर फेकून द्यायचं." तेल कोमट झाल्यावर मी तिच्या पायाशी बसलो. "वरून खाली. खालून वर कधीच नाही, दुखणं खाली उतरवायचं असतं." तिच्या गुडघ्याची कातडी किती पातळ झालीय, ते मला हात लावल्यावर कळलं. मी जपून चोळत राहिलो. तिने डोळे मिटले. बऱ्याच वेळाने ती वाकली आणि माझ्या कानात तिने त्या पाल्याचं नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही.

झीज काही भरून आली नाही, ती येतही नाही. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, आणि रोज संध्याकाळी तेल. गुण गोळ्यांचा, तेलाचा की चोळण्याचा, यावर मी काउंटरवर तासभर बोलू शकेन. पण पुढच्या पौर्णिमेला आई माझा हात धरून जिना उतरली आणि विहारात पुढच्या रांगेत जाऊन बसली. त्या दिवशी मी तिथे एक अक्षर बोललो नाही.

परवा समोरच्या इमारतीतल्या एक बाई काउंटरपाशी आल्या. बसमधून उतरताना पाय मुरगळला होता. "आई आहेत का घरी?" मी बोट वर केलं. त्या जिना चढून गेल्या आणि थोड्याच वेळात परत खाली आल्या.

"आता लेकाकडे यायचं म्हणाल्या. पण दुकानाचं शटर खाली ओढल्यावर. त्याच्या आधी नाही."

मी उरलेलं गिऱ्हाईक उरकलं, दिवे घालवले, शटर ओढलं आणि वरून बाटली आणली. बाई बाहेरच्या पायरीवर बसल्या होत्या. वरून खाली, वरून खाली, मी तेल चोळलं. उठताना त्यांनी सवयीने पर्स उघडली आणि विचारलं, "किती झाले?"

मी म्हटलं, "दुकान बंद आहे."