हसले म्हणून अ‍ॅडमिट

माझ्या हृदयाचे ठोके मधूनच चुकायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी छातीवर एक चिकट पट्टी लावून दिली. तिच्यातला सेन्सर ठोके, श्वास, सगळं मोबाइलवरून हॉस्पिटलला पाठवतो. तिथला एआय प्रोग्राम ते सतत तपासतो आणि काही वावगं दिसलं की हॉस्पिटलला आणि माझ्या मुलाला एकदमच कळवतो. सुरुवातीलाच त्यानं एक खरा धोका पकडला. मला स्वतःला काहीच जाणवलं नव्हतं. औषध बदललं, मी वाचले. तेव्हापासून घरात पट्टीचा शब्द शेवटचा.

मुलाच्या मारतहळ्ळीतल्या फ्लॅटमध्ये दिवसभर मी एकटीच. जिना चढले की मुलाचा ऑफिसातून फोन, "आई, काय करतेयस? बस बघू आधी." कणीक जोरात मळली तरी फोन. हळूहळू मी फोन येणार नाही अशा बेतानंच हलायला लागले.

अशात बेळगावहून धाकटी बहीण आली. चहा पिता पिता सांगायला लागली, "अक्का, परवा एकांकडे दुखवट्याला भेटायला गेले. त्यांच्या बायकोच्या गळ्यात पडून रडले. आणि ज्यांच्यासाठी रडत होते, ते आतून चहाचा कप घेऊन बाहेर आले! गेले होते ते शेजारचे."

मी जी हसले! डोळ्यांतून पाणी, पोटात कळ, श्वास पुरेना. बहिणीनं त्या गृहस्थांचा चेहरा करून दाखवला, की पुन्हा हसू. किती दिवसांनी!

फोन वाजला. पाठोपाठ दारात अ‍ॅम्ब्युलन्सची माणसं.

"अहो, मी हसत होते," मी स्ट्रेचरवरूनही सांगत होते. बहिणीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

हॉस्पिटलात ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टर मुलगी भली होती. कानडीमिश्रित मराठीत म्हणाली, "अम्मा, माझा विश्वास आहे. पण प्रोग्राम धोका जास्त दाखवतोय. तुमचं आधी एकदा झालंय ना? मी कशी सोडू? स्वल्प थांबा."

"त्याला हसणं कळत नाही का?"

"अजून नाही," ती म्हणाली आणि ओशाळून माझा हात दाबला.

भांडायचं कुणाशी? त्याच यंत्रानं मला जगवलं होतं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. रडू आलं, तेही आवरलं. न जाणो, तेवढ्यावरून आणखी एक दिवस ठेवून घ्यायचे.

घरी सोडलं, तेव्हा छातीवर नवी पट्टी होती. मुलगा गाडीत हळूच म्हणाला, "मावशीला सांग, असलं काही बोलत जाऊ नको म्हणावं." तो बिचारा दोन रात्री झोपला नव्हता, त्याला काय बोलणार?

बहीण ठरल्याआधीच परत गेली. आता फोनवर ती पावसापाण्याचं बोलते.

"कुठं गेली होतीस का गं?" मी मुद्दाम विचारते.

"गेले होते. तू आधी बरी हो, मग सांगते."