परक्या घरात भरलेली ओटी

आधीच सांगतो — तळोद्याला माझा दवाखाना आहे, आणि कोणी ‘बाहेरचं झालंय, डॉक्टर’ म्हणत आलं की मी पहिल्यांदा थर्मामीटर लावतो. भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. तरी हे लिहितोय... कारण मनातून जात नाही.

एमबीबीएस मी युक्रेनमध्ये केलं. युद्धाच्या आधीची गोष्ट. पदवीदानाला माय आली होती. डोक्यावर पदर, बोली फक्त अहिराणी. मित्रांसमोर मला तिची लाज वाटायची — हो, वाटायची!

तिथल्या एका लेखिकेच्या राहत्या घराचं म्युझियम केलंय. बाई जाऊन कैक वर्षं झाली. मी मायला सांगितलं तर म्हणाली, “बाईना नावनं घर? चाल, दखूत.”

भर दुपार होती. आत आम्ही दोघं आणि तिकिटाच्या टेबलाशी एक म्हातारी केअरटेकर. बस्स. मी तिच्याशी बोलत उभा राहिलो; माय एकटीच मागच्या स्वयंपाकघरात गेली.

परत आली ती पदर पोटाशी धरून. पदरात गहू!

माझं डोकंच फिरलं. तिथे मांडलेल्या भांड्यात गहू आहेत, हे मी ऐकून होतो.

“माय, चोर समजतीन आपले! काढ ते!”

“चोरी नही रे भाऊ. त्या घरनी बाईनी मन्ही वटी भरी.”

“कोन बाई? आठे कोनी नही शे!”

“पिठाना हात व्हतात तिना. मी तिले दखाडं, मन्हं कपाय उघडं शे... तरी तिनी भरी.”

मी ऐकलं नाही. केअरटेकरची माफी मागत मायचा पदर ओढला आणि सगळे गहू टेबलावर ओतायला लावले. माय मान खाली घालून उभी होती. एकेक दाणा पदरातून वेचून तिने टेबलावर ठेवला.

म्हातारी गोंधळली. म्हणाली, “हे आमचे नाहीत.” आम्हाला आत घेऊन गेली. गव्हाचं भांडं काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप. आतले दाणे जुने, काळे पडलेले. टेबलावरचे टपोरे, नव्या पिकाचे.

टेबलाशी परत येऊन तिने ते गहू ओंजळीत घेतले आणि मायपुढे धरले. आणि मी काय करावं? “नको, असू द्या,” म्हणत मायला दंडाला धरून बाहेर काढलं. माझी शरम झाकायची होती ना!

आमच्याकडे निघताना बाईची ओटी भरतात. विधवेची नाही. वडील गेल्यापासून ओटीची वेळ आली की माय आपणहून मागच्या दारी जाऊन उभी राहायची. इतक्या वर्षांत एका बाईने तिची ओटी भरली आणि पोटच्या पोराने ती भरलेली ओटी रिकामी केली.

मायने गहू घरून नेले नव्हते. तिला न्यायला मी घरी आलो होतो, बॅग मीच भरली होती. बाजारात ती एकटी कधी गेली नव्हती. सगळे हिशेब करून झाले.

परवा धीर करून म्हणालो, “माय, चुकनं मन्हं. तुले लई लागनं व्हई.”

ती भाजी निवडत होती. म्हणाली, “मन्हं जाऊ दे रे भाऊ. तिना घरमा, तिनं देल्हेलं, तिना डोयासमोर आपन टाकी उनूत... तिले काय वाटनं व्हई?”