उपरण्याखाली डावा हात

धुळ्याला कॉलेजात असलेल्या माझ्या मुलीला लोजबान भाषेचं खूळ लागलं होतं. तर्काच्या हिशेबाने मुद्दाम बनवलेली भाषा. दिवाळीच्या सुट्टीत तिने मला त्यातलं 'माझं' शिकवलं. मी बसलोय ती खुर्ची 'पे', बसण्यापुरती माझी. गाडी 'पो', विकेपर्यंत माझी. आणि माझा हात 'पोहे', म्हणजे जन्माचा, न सुटणारा.

"मग नानाकाका कशात?" तिने विचारलं.

"पोह्यांत घाल आणि वरून शेव टाक," मी डाफरलो.

नाना माझा थोरला भाऊ. बारा वर्षांपूर्वी त्याने मला भर बैलबाजारात चोर म्हटलं आणि वाटणीत आमच्या गावची, सोनगीरची विहीर स्वतःकडे ठेवली. मी जळगावला येऊन शून्यातून जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा उभा केला. माझी अट ठरलेली होती: त्याने माफी मागावी आणि माझ्या शेताला विहिरीचं पाणी द्यावं, तरच बोलेन.

"ही लोजबानमधली 'ए' झाली, पप्पा, म्हणजे 'आणि'. दोन्ही हवंच. 'आ' म्हणा. हे किंवा ते, किंवा दोन्ही. एक मिळालं तरी चालतं."

"'आ' म्हणणाऱ्याचं दुकान बुडतं."

महिन्याभरात धुळ्याहून तिचाच फोन आला. नानाला झटका आला होता, वाचा गेली होती. मी तशीच गाडी काढली. माफी मागायला आता त्याच्याकडे तोंडच नव्हतं.

दवाखान्याच्या दारात वहिनी म्हणाली, "आते उनात का, भाऊ?" 'आत्ता आलात का' या तिच्या प्रश्नाला बगल देऊन मी आत गेलो.

वाटणीपर्यंत आम्ही दोघं भाऊ बैलांचे दलाल. भाव कधी तोंडाने बोललो नाही. उपरण्याखाली हातात हात, बोटांनीच ठरवायचा. मी चादरीखाली हात घातला, त्याच्या उजव्या मुठीत माझी दोन बोटं दिली आणि कानाशी म्हणालो, "नाना, पहिलं बोट दाबलं तर माफी, दुसरं दाबलं तर पाणी."

काहीच नाही. हात गार, जड. बाजारात असा हात म्हणजे सौदा मोडला. गेला की काय?

"पप्पा, त्यांची उजवी बाजू गेलीय. डावा धरा."

डाव्या हाताने सौदा आमच्या घरात कोणी केला नव्हता. मी पलंगाला वळसा घालून गेलो आणि तीच दोन बोटं त्याच्या डाव्या मुठीत दिली.

बराच वेळ गेला. मग दुसरं बोट दाबलं गेलं. फक्त दुसरं.

मरायला टेकला तरी माफी नाही! रागाने माझे कान तापले. तेवढ्यात त्याची पकड सैल व्हायला लागली आणि राग कुठल्या कुठे गेला. माफीचं बोट मी स्वतःच मिटून घेतलं.

"आ," मी म्हणालो.

मुलीने चमकून पाहिलं. भेटायची वेळ संपली, असं नर्स दोनदा म्हणाली. मी बोट ओढलं नाही.