पांढऱ्या अंड्यांचे तीन दिवस

“बसली! आत्याबाई, चितरी बसली!”

धुरपदाबाई अंगणातूनच ओरडली. शेणानं माखलेले दोन्ही हात वर, पदर खांद्यावरून घसरलेला, आणि चेहऱ्यावर असा उजेड की तिच्या नवऱ्याला, सटवाजीला, वाटलं दारात पाहुणाच आला. ओसरीच्या कोपऱ्यातल्या टोपलीत ठिपक्याठिपक्यांची कोंबडी पंख फुगवून बसली होती. हात जवळ नेला की क्रर्र करून टोचायची, उचलून बाजूला ठेवली की पुन्हा तिथंच जाऊन बसायची. अंडी उबवायच्या ओढीनं पक्की खुडूक झाली होती.

“बसली तर बसली,” सासू कडूबाई जात्यावरून म्हणाली. “कोंबडी बसली म्हंजे पिल्लं निगाली असं न्हाई.”

“निगतील की.”

“तुज्या हातानं?”

वर गेलेले हात हळूच खाली आले.

सगळी गोष्ट हाताचीच होती. निजामी अंमल, साल एकोणीसशे एकोणचाळीस. चुडाव्याच्या स्टेशनापासून अर्ध्या कोसावरच्या त्या खेड्यात खुडूक कोंबडीखाली कुणीही उठून अंडी ठेवत नसे. हातगुण असलेल्या बाईला घरी बोलवायचं, तिनं टोपलीच्या तळाशी कोळसा आणि लोखंडी खिळा ठेवायचा, म्हणजे विजेच्या कडाडण्यानं अंडी बिघडत नाहीत, आणि मग मोजून विषम अंडी बसवायची. चाळीस वर्षं तो हात कडूबाईचा होता. अर्ध्या गावाची पिल्लं तिच्या हातची.

मागल्या दिवाळीला तिनं खुराडं सुनेच्या ताब्यात दिलं. धुरपदाबाई पालमकडची. लग्नानंतर सासरी येताना बैलगाडीत काखेत कोंबडी धरून बसलेली नवरी म्हणून गाव तिला अजून हसायचं. तिला तर राज्य मिळाल्यासारखं झालं. पण उन्हाळ्यात गल्लीत रोग शिरला. कोंबड्या माना पिळवटून गरगर फिरायच्या आणि पडायच्या. शेजारच्या कस्तुराबाईचं खुराडं ओस पडलं, धुरपदाबाईच्या अठरांतल्या सतरा गेल्या. गल्लीनं रोगाला शिव्या दिल्या. कडूबाईनं सुनेच्या हाताकडं बघितलं.

“ही शेवटची खुडूक,” ती आता पीठ भरता भरता म्हणाली. “पिल्लं निगाली तर खुराडं तुजं, मी बोलायची न्हाई. न्हाई निगाली तर चितरी मानवतच्या बाजारात, आन् खुराड्यात शेळी.”

“आत्याबाई, अंडी तुमी बसवा ना मग. तुमचा हात...”

“तूच बसीव. मला बी बघू दे.”

धुरपदाबाईनं हात तीनदा धुतले. चितरीचीच सहा अंडी होती, बाप गावातल्या माणिकरावांचा लढाऊ अशील जातीचा कोंबडा. त्याची मान घोड्यासारखी ताठ आणि स्वभाव फौजदाराचा. सातवं अंडं चितरी देईल म्हणून वाट बघत होती, तर ती बसूनच गेली. कोळसा, खिळा, आणि सहा अंडी. विषमाचं काय करायचं ते उद्या बघू, असं ती स्वतःशीच पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी दारात स्टेशनमास्तरांची बायको. पार्वतीबाई औरंगाबादकडच्या, पायांत चपला, हातात झाकलेली दुरडी.

“धुरपदाबाई, तुमच्याकडे कोंबडी बसलीय म्हणे?”

“तुमाला कुणी सांगितलं मास्तरीणबाई?”

“दूध घालायला आले होते तुमचे मालक. गाडी कधी येणार ते विचारलं नाही, आधी हे सांगितलं.”

ओसरीवर सटवाजी खोकला.

पार्वतीबाईंकडं सिकंदराबादेच्या एका गार्डानं दिलेला एक विलायती कोंबडा आणि चार कोंबड्या होत्या. बगळ्यासारख्या पांढऱ्या, तुरा एवढा मोठा की एका डोळ्यावर पडलेला. “लेगहॉर्न म्हणतात,” त्या म्हणाल्या. “अंडी देतात हो. पण बसायचं नावच नाही. आठ महिने वाट बघतेय.”

“किती देतात?”

“रोज.”

“रोज?” धुरपदाबाई उभीच राहिली. “सणवार धरून?”

“आठवड्यातून एखादा खाडा.”

“माय गं! आमची चितरी पंधरा देती आन् म्हैनाभर रुसून बसती!” तिनं दुरडीवरचं फडकं उचललं. सात अंडी, चुन्यानं सारवल्यासारखी शुभ्र. “मास्तरीणबाई, बटईनं करू. अंडी तुमची, कोंबडी माजी, पिल्लं निम्मी निम्मी. सहा आन् सात तेरा! विषम बी झाली बगा!”

ती टोपलीकडं धावलीच होती, तोच जात्यामागून आवाज आला.

“थांब. आज चौदस, उद्या अवस. अवसेच्या तोंडावर अंडी बसवत न्हाईत. परवा बसीव.”

दोघींनीही मान डोलावली. पांढरी अंडी ज्वारीच्या मडक्यात दोन रात्री राहिली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चितरीखाली गेली. चितरीनं एकेक अंडं चोचीनं पोटाखाली ओढून घेतलं. आपलं-परकं तिनं काही बघितलं नाही. आणि त्या घरात आजवर सगळी अंडी एकाच दिवशी बसत आलेली, त्यामुळं मागं-पुढं ठेवल्यावर काय होतं, ते कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

एकविसाव्या दिवशी पहाटे टोपलीतून आवाज आला. चिव.

दिवस तासभर वर येईपर्यंत पाच पिल्लं. दोन काळी, तीन पाठीवर पट्टे असलेली, पाय अशिलासारखे लांब. सहावं अंडं मुकं निघालं. धुरपदाबाई घागर घेऊन नाचतच पाण्याला गेली, रस्त्यात भेटेल त्याला पाच बोटं दाखवत.

परत आली तर चितरी अंगणात. मागं पाच पिल्लं, ती उकिरडा उकरतेय, खुक खुक करून त्यांना दाणा दाखवतेय. धुरपदाबाईनं टोपलीत हात घातला. सातही पांढरी अंडी कोमट. कडेची तर गारच.

कुंपणावरून कस्तुराबाईनं मान काढली. “काय गं, उठली का कोंबडी? तिची पिल्लं निगाली, ती कशाला बसती? तुज्या पांढऱ्यांचे तीन दिस राहिले ना अजून?”

तीन दिवस! अवस! धुरपदाबाईनं कपाळावर हात मारला. ओसरीवर कडूबाईचं जातं थांबलं होतं.

“फेक आता ती,” कस्तुराबाई म्हणाली. “पाच तर निगाली. लय झाली.”

“सातातलं एक बी न्हाई निगालं तर मास्तरणीला काय तोंड दाखवू?” आणि सासूकडं न बघता, “आन् घरात?”

“मेलीत ती.”

“बगू तर दे मेलीत का!”

तिनं चुलीवरचं कोमट पाणी परातीत ओतलं. पाणी निवळून स्थिर झालं. एकेक अंडं अलगद सोडलं. सात पांढरे गोळे तरंगत राहिले, कस्तुराबाईही कुंपण ओलांडून आली, आणि तीन बाया परातीवर वाकल्या. श्वाससुद्धा दुसरीकडं सोडायचा, पाणी हलायला नको.

काही नाही.

“म्हनलं न्हवतं...” कस्तुराबाईनं सुरू केलं.

“गप!” हे कडूबाई म्हणाली.

एक अंडं डुचमळलं. आतून कुणी कोपर मारावं तसं. मग दुसरं. मग गारच वाटलेलं तिसरं एकदम गिरकी घेऊन कडेला आपटलं.

“हाललं! आत्याबाई, हाललं! जीव हाय!”

पाच हलली, दोन तशीच राहिली. धुरपदाबाईनं पाचही पदरात पुसली, टोपलीत ठेवली, आणि चितरीला धरायला धावली. चितरी छपरावर. तिथून खाली, तिथून सटवाजीच्या डोक्यावर, मुंडासं मातीत. शेवटी घोंगडीखाली सापडली. धुरपदाबाईनं तिला अंड्यांवर दाबून वर बांबूचं डालगं उलटं घातलं. पण अंगणात पिल्लं चिवचिवली की आतून धडपड, कोंबडी उभी, अंडी उघडी.

“पिल्लाचा आवाज आला की ती बसायची न्हाई,” धुरपदाबाई धापा टाकत म्हणाली. “पिल्लं लांब न्यायला पायजेत. आवाज पोचनार न्हाई इतकी.”

“कुठं?” कडूबाई म्हणाली. “गाव तर एवढंसं.”

“ठेसनावर! मास्तरीणबाईंच्या घरी. तिथं गाड्याच इतक्या बोंबलतात.”

“आन् तिथं बघनार कोण? ती बाई पिल्लाला चपातीचा तुकडा भरवील.”

“मी जाते.”

“तू गेलीस तर हिच्यावर हात कुणाचा?” कडूबाई उठली. दुरडीत सरकी काढलेला कापूस दाबून बसवला, पाच पिल्लं त्यात ठेवली, वर फडकं. “अवस मी सांगितली. मी जाते.”

सटवाजी मुंडासं झटकायचं थांबला. “माय, तू ठेसनावर? तू तर म्हनायचीस, इंजनाच्या वाऱ्याला बी हुबं राहू न्हाई.”

“दार लावून बसीन. चल, वाट दाव.”

ते तीन दिवस सटवाजीनं स्टेशन आणि घर यांच्यात एवढ्या खेपा घातल्या की पॉइंटमन त्याला सलाम करू लागला. बातम्या त्याच्याच तोंडून.

“माय म्हनायली, चितरीला सकाळी एकदाच उठीव, दानापानी झालं की लगेच बसीव.”

“उठवलं. आन् पिल्लं?”

“चुलीपाशी हायत. मास्तरीणबाई दर घटकेला इच्यारतात, मेलं का हे? माय म्हनती, झोपलंय वो ते! आन् गाडी आली की पिल्लं घाबरून पांगतात, तर माय सोताच खुक खुक करती. पिल्लं पळत तिच्या लुगड्यात शिरतात.” त्यानं इकडं तिकडं बघून आवाज खाली आणला. “गाडी गेल्यावर बी करती.”

धुरपदाबाई हसता हसता डालग्याला टेकली. आतून क्रर्र आलं. चितरी बसली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं डालग्याला कान लावला. आत टक टक. कोंबडी थोडी उचलून बघितली तर एका पांढऱ्या अंड्याला बारीक छिद्र, आणि छिद्रातून चोचीचं टोक. मदत करायला तिची बोटं शिवशिवत होती. पण टरफल हातानं सोलायचं नसतं, पिल्लाचं रक्त जातं. तिनं बोटं काखेत दाबून धरली आणि तिथंच मांडी घातली. संध्याकाळी तिच्या समोर पाच पिल्लं होती, हळदीत घोळल्यासारखी पिवळी.

“आवो! पळा! आत्याबाईंना सांगा, पाच! पाचातली पाच!”

दिवेलागणीला कडूबाई डोक्यावर दुरडी घेऊन आली, मागं पार्वतीबाई, चपला हातात घेऊन धावत. अजून एक भीती होती. तीन दिवसांनी परत आलेल्यांना चितरी टोचेल का? धुरपदाबाईनं काळोख दाटू दिला आणि मागच्या बाजूनं एकेक थोरलं पिल्लू पिवळ्यांच्या शेजारी पंखाखाली सरकवलं. चितरी गुरगुरली. मग अंग पसरून तिनं सगळी झाकून घेतली. सकाळी अंगणात एक कोंबडी आणि मागं दहा पिल्लं, अर्धी काळी-पट्टेरी, अर्धी पिवळी, सगळी एकाच खुक खुकला धावणारी.

बटईचा वाटा धुरपदाबाईनं पार्वतीबाईंपुढं मांडला, तर त्या म्हणाल्या, “मला दोन गावरान माद्या द्या. बसणाऱ्या. पांढऱ्या खूप आहेत माझ्याकडे.”

पुढच्या वर्षभरात धुरपदाबाईनं दोन्हींचा सगळा हिशेब डोळ्यांनीच केला. पांढऱ्या माद्या सहाव्या महिन्यातच अंडी द्यायला लागल्या, आणि थांबेचनात. पण घार आभाळात दिसली की चितरीच्या लेकी कडब्याच्या गंजीखाली, आणि पांढऱ्या अंगणात मान वाकडी करून वर बघत उभ्या. एक गेलीच. कुणी विचारलं, कुठली जात चांगली, तर ती पदर खोचून सांगायची, “दोनी पायजेत, बाई. एक अंडी द्यायला, एक अक्कल द्यायला.” आणि अशिलाची लांब मान घेऊन आलेल्या नराला पांढऱ्यांत सोडून काय निघतं ते बघायला ती पुढच्या माघापर्यंतचे महिने बोटांवर मोजत होती.

त्याच दिवसांत कस्तुराबाई आली, पदराखाली नऊ अंडी.

“कडूमाय, खुडूक झाली बघ आमची. येतीस का बसवायला?”

कडूबाई जात्यावर होती. हात न थांबवता ती म्हणाली, “माजा हात आता म्हातारा झाला. धुरपदीला ने.”

धुरपदाबाई शेण थापत होती. तिनं ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं.

“धुरपदे! ऐकायलीस का? ती बोलवायली तुला.”

“आले आले,” ती रांजणाकडं धावली. “हात धुते आधी!”

“धू. आन् तिला इच्यार, सगळी आजच बसवायचीत का.”