नऊ भाग आणि दोन सह्या

माझा धाकटा भाऊ एकतीस वर्षं विमानं दुरुस्त करत होता आणि त्यातलं एकही त्याने कधी उडवलं नाही. त्याचं त्याला दुःख नव्हतं. दुःख होतं ते शेवटच्या वर्षाचं. एका इंजिनाच्या झाकणाआड त्याचा टॉर्च राहून गेला. विमान निघण्याआधीच तपासनिसाला तो सापडला, कोणाला खरचटलंही नाही, साहेबांनी दोन शब्द सुनावून विषय संपवला. याने मात्र संपवला नाही. मुदतीआधी नोकरी सोडली आणि घरात खिळा ठोकायचा झाला तरी सुताराला बोलवू लागला. म्हणायचा, माझ्या हातावर माझाच भरवसा राहिला नाही. हे मी दोन वर्षं ऐकून घेतलं, आणि ऐकून घेणं हा माझा स्वभाव नाही.

मग एकदा सुट्टीला आलेल्या त्याच्या मुलीने आपल्या लॅपटॉपवर त्याला विमान उडवायचा सिम्युलेटर लावून दिला. लॅपटॉपला धाप लागली. विमान शहरावर उतरायला आलं की चित्र अडकायचं. मुलगी परत गेली आणि याने जाहीर केलं, की यासाठी कॉम्प्युटर मी स्वतः जुळवणार. चूक न होता जमला तर ठीक, नाहीतर पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर हातात धरणार नाही.

दोन महिने नुसती निवड चालली. जेवणाच्या टेबलावर माहितीपत्रकांचा ढीग. भावजय ताट मांडीवर घेऊन जेवायची आणि म्हणायची, विमानात बसल्यासारखंच वाटतंय, जागा कमी आणि जेवण गार. दुकानदार रंगीत दिव्यांचं भलंमोठं ग्राफिक्स कार्ड गळ्यात मारायला बघत होता. "दिवे धावपट्टीला लागतात, खोक्याला नाही," भावाने त्याला सांगितलं. मला त्याने समजावलं ते असं, की वारा, वजन, इंजिन यांचं गणित क्षणाक्षणाला प्रोसेसर करतो. तो ढिला असेल तर कार्ड कितीही भारी असो, चित्र अडकणारच. म्हणून प्रोसेसर सगळ्यात वेगवान, कार्ड बेताचं, रॅम भरपूर आणि अख्ख्या जगाचे नकाशे मावतील एवढी एसएसडी. असे जॉयस्टिक धरून नऊ भाग ठरले.

विमानं दुरुस्त करायच्या हँगरचा नियम, की काम करणारा आणि तपासणारा एक असता कामा नये. तेव्हा यादीपुढे दोन रकाने आखले गेले, 'निवडले' आणि 'तपासले'. भावजय म्हणाली, मी या माणसाला तपासलं तेवढं पुरे. मी वरच्याच मजल्यावर राहते, त्यामुळे ते काम माझ्या गळ्यात पडलं. प्रत्येक भागाचे आकडे माहितीपत्रकाशी ताडून बघायचे आणि मग सही. कचेरीत चाळीस वर्षं फायलींवर सह्या केलेली बाई मी. चहा निवायच्या आत नऊ सह्या करून मोकळी झाले.

भाग आले. रविवारी सकाळी त्याने पांढरी चादर अंथरली आणि एकेक भाग बसवला. स्क्रू मोजून काढले, मोजून लावले. झाकण लावण्याआधी चालू करून पाहिलं. पंखे फिरले, पडदा उजळला, सगळे भाग यादीबरहुकूम दिसले. मी घरी जायला उठलेच होते. तेवढ्यात त्याने कॅबिनेटचं झाकण लावायला घेतलं, आणि ते बसेना. प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर पाच मिलिमीटर उंच निघाला. कूलर किती उंच चालेल हे बघताना माहितीपत्रकात त्याने एक ओळ खालचा, मोठ्या कॅबिनेटचा आकडा वाचला होता.

राहू दे की उघडं, मी म्हटलं. त्याने ऐकलंच नाही. स्क्रू-ड्रायव्हर डबीत ठेवला आणि भावजयीला सांगितलं, की सगळं खोक्यांत भर, मुलीला एखादं तयार मशीन बघायला सांग. आवाज अगदी शांत. तोच मला सहन होईना.

"त्या कागदावर माझी सही आहे," मी म्हटलं, "आणि मी बघितलं नव्हतं."

"कूलरचं?"

"कशाचंच. नऊच्या नऊ, डोळे मिटून."

हँगरमध्ये असतीस तर दुपारच्या आत घरी पाठवली असती, असं तो मला म्हणाला. ते खरंच होतं. मग कागद पुढ्यात ओढून एकेका ओळीवरून बोट खाली नेत राहिला.

"ताई, म्हणजे हे बाकीचे आठ कोणी तपासलेच नव्हते?"

"नाही."

"आणि आठही बरोबर निघाले."

"मला काय विचारतोस? समोर पडद्यावर दिसतंय की."

भावजयीने हातातलं खोकं खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो बुटका कूलर घेऊन आला. या खेपेला पेन त्याने स्वतःच्या खिशात ठेवलं. मला माहितीपत्रकातली ओळ मोठ्याने वाचायला लावली, कूलर पट्टीने मोजायला लावला, आकडा पुन्हा विचारला आणि मगच पेन दिलं. झाकण बसलं.

संध्याकाळी त्याने पहिलं विमान उडवलं आणि धावपट्टी सोडून थेट गवतात नेऊन आपटलं. चित्र कुठेही अडकलं नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"वैमानिक कच्चा आहे," तो म्हणाला. "मशीन चोख आहे."